कोणाला कोणत्या रकान्यात घातलं

मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे बघणारी नव्हे, मित्रांनो. मी माणसाच्या पोटात उतरते. बोटाएवढी जाड, दीड वीत लांब, तोंडाशी तिरपी काच. बेंबीजवळ छोटं भोक पाडून मला आत सोडतात. मी पाहते ते पडद्यावर उमटतं आणि ते बघत डॉक्टर लांब दांड्याच्या हत्यारांनी आतड्याचा कॅन्सर झालेला तुकडा कापून काढतात.

माझा जन्म जर्मनीतला. नाकावर चष्मा घसरलेल्या एका बाईने माझ्या नळीत एकेक भिंग बसवलं. सगळी बसल्यावर तिने मला उजेडाकडे धरलं, नाक मुरडलं आणि एक भिंग काढून पुन्हा पुसलं. संशय मला जन्मतःच मिळाला म्हणा ना.

तिथून मी कॅनडात आले, थंडर बे गावच्या इस्पितळात. माझी सगळी उस्तवार इर्मा किवेला नावाच्या नर्सकडे होती. तिच्याखेरीज मला कुणी धुतलेलं तिला खपत नसे. ते माझे मानाचे दिवस होते. पूर्वी वीतभर पोट फाडावं लागे आणि माणूस दहा-दहा दिवस कण्हत पडे. माझ्यामुळे तो पाचव्या दिवशी घरी जाऊ लागला. इथले फिनलंडहून येऊन वसलेले म्हातारे तर शुद्धीवर येताच, सौनात, म्हणजे त्यांच्या वाफेच्या गरम खोलीत, कधी बसता येईल, हे विचारत.

मग यंत्र आलं. चार हातांचं. इथले सर्जन डॉक्टर मॅकइनिस कोपऱ्यात एका खोक्यात डोकं घालून बसत आणि त्यांची बोटं हलतील तसे ते हात पोटात हलत. त्याची दुर्बीण त्याची स्वतःची, दोन डोळ्यांची. मी कपाटात पडून राहू लागले. एखादं अवघड पोट आलं की तेवढी माझी आठवण व्हायची.

वर्षाने व्हरांड्यात एक तक्ता लागला. दोन रकाने होते, दुर्बीण आणि यंत्र. यंत्राचे रोगी तिसऱ्या दिवशी घरी, माझे पाचव्या. माझ्या सात जणांचं पोट शेवटी उघडावं लागलं, यंत्राच्या फक्त एकाचं. खाली लिहिलं होतं की जुन्या दुर्बिणी आता मोडीत काढाव्यात.

इर्माने तो तक्ता तीनदा वाचला. मला धुताना ती पुटपुटली की हे जरा जास्तच गोड आहे. त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ती शस्त्रक्रियांच्या जुन्या याद्या घेऊन बसली. एके दिवशी डॉक्टर हत्यारं धुण्याच्या खोलीत आले, तेव्हा तिने नळ बंद केला.

"डॉक्टर, यंत्राच्या रकान्यात पूर्वी कधी पोट फाडलेला, आत आतडी चिकटलेली असतील असा एकही माणूस कसा नाही?"

डॉक्टरांनी हातातला ट्रे खाली ठेवला. "मी यंत्र शिकत होतो, इर्मा. शिकताना अवघड पोट कसं घेणार?"

"नका घेऊ. पण तेवढं तक्त्यावर लिहायचं होतं."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण त्याच याद्यांत इर्माला पाच रोगी असेही सापडले, ज्यांची गाठ ओटीपोटात अगदी खोल, अरुंद जागी होती. तिथे यंत्राचे हात सहज वळले होते. मी तिथे धडपडले असते. तिने ओठ आवळून तेही टिपून घेतलं. डॉक्टरांनी तक्ता स्वतःच्या हाताने उतरवला. यापुढे सारख्या पोटाची तुलना सारख्या पोटाशीच करायची, असं ठरलं.

थोड्या दिवसांनी वर्नर साल्मी आला. बंदरावरच्या धान्याच्या कोठारात त्याची हयात गेली होती. तरुणपणी तो उंचावरून पडला, तेव्हा त्याचं पोट एकदा उघडलेलं होतं. आता मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला होता. त्याचा कुणावरही भरवसा नव्हता. बायको सीरी 'पुरे हो' म्हणत होती, तरी त्याने डॉक्टरांना तोंडावर विचारलं, "नवं यंत्र दारात उभं असताना मला जुनी दुर्बीण का? म्हाताऱ्याचं जुन्यावर भागवताय होय?"

डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. "तुमच्या पोटात आत काय चिकटलंय, ते मला माहीत नाही आणि यंत्रावर असं पोट मी अजून घेतलेलं नाही. आधी दुर्बिणीने बघतो. जमण्यासारखं नसलं तर पोट उघडीन. उघडलं तर जास्त दिवस राहावं लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो."

वर्नरने त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि सही केली.

आत गेल्यावर मी पाहिलं, आतडी पोटाच्या भिंतीला डिंकाने चिकटवल्यासारखी बसली होती. डॉक्टरांनी एक पापुद्रा सोडवला, मग दुसरा. तिसऱ्यापाशी कात्री थांबली. पापुद्रा कुठे संपतो आणि आतडं कुठे सुरू होतं, ते मलाही कळत नव्हतं. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "हिला बाहेर घ्या. उघडू या."

गाठ पूर्ण निघाली. वर्नर नवव्या दिवशी, इस्पितळाच्या सूपला नावं ठेवत, सीरीबरोबर घरी गेला.

त्याच संध्याकाळी नवा तक्ता भरायला इर्मा बसली. हे पोट पहिल्यापासूनच उघडायचं ठरलं होतं, असं लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं आणि माझ्या नावाला बट्टा लागला नसता. तिचं पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं होतं. मला तेव्हा, खरं सांगते, तिचाच संशय आला.

तिने लिहिलं: दुर्बीण. पोट उघडावं लागलं. आधीच्या शस्त्रक्रियेमुळे आतडी चिकटलेली.

आता मी शिकाऊ डॉक्टरांच्या खोलीत असते. माझ्या भिंगांवर धुरकट डाग पडला आहे. तो वयाचा आहे, त्यात कुणाचा डाव नाही. मित्रांनो, मला उचलाल तेव्हा दोन्ही हातांनी उचला, आपटू नका. आणि तुमच्या घरातल्या कुणाच्या आजारावर दोन वाटा सांगितल्या गेल्या, तर नवी कोणती एवढंच विचारून थांबू नका. त्या वाटेने आजवर कुणाकुणाला नेलं आणि कुणाला नेलं नाही, तेही विचारा. राग आला तर येऊ द्या.

वर्नर अजून तपासणीला येतो. कॅन्सर परतलेला नाही, असं लिहिलेला कागद तो दोनदा वाचतो आणि मग तिसऱ्यांदा सीरीकडून वाचून घेतो.