ओठ मिटणारा शब्द

पडद्यावरची बाई हसत नाही. नीट पाहा.

प्रियाराधन. या शब्दाला डांबरगोळ्यांचा वास येतो. बोलताना कुणी वापरला तर समोरचा आधी दचकेल.

रेकॉर्डिंगचा टेक चालू असताना पंखा बंद. घाम आला तर यावा.

लाडीगोडी लावतात ती काहीतरी पदरात पाडून घ्यायला.

साहेब दिवसातून दोनदा दाढी करतात.

लगट. ही एकाने करायची आणि दुसऱ्याने भिंतीपर्यंत मागे सरकायचं.

तर साहेब म्हणजे डबिंगचे दिग्दर्शक, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या मावशी संवाद लिहिणाऱ्या. दोघं सकाळपासून एकाच वाक्यावर अडले होते. काचेपलीकडे बूथमध्ये हेडफोन चढवून उभी असलेली मुलगी मावशींच्या सख्ख्या बहिणीची. परदेशी मालिकेतल्या नायिकेचा आवाज, तिचं पहिलंच मोठं काम. मालिका दाखवणाऱ्या कंपनीची माणसं आज ऐकायला आली होती, मागच्या सोफ्यावर. त्यांनी मान डोलावली की काम पक्कं.

नायिका दुकानात उभी आहे, गिऱ्हाईक गल्ल्यावर रेलून गोड गोड बोलतंय, आणि ती विचारते, तुम्ही माझ्याशी हे जे करताय ते काय? पण ‘हे जे’ला शब्द हवा. तिचे ओठ त्या शब्दाच्या सुरुवातीला मिटतात. म्हणजे प, ब किंवा म.

“फ्लर्ट लिहा की हो,” साहेब म्हणाले.

“इंग्रजी नको म्हणालेत कंपनीवाले.”

“मग मस्करी. मस्त बसतंय.”

“मस्करीला दोघं हसतात, साहेब. ही बघा कशी मागे सरकली.”

“बायकांचं तसंच असतं हो, मावशी. मागे सरकतात म्हणजे बोलवतात.”

हे ज्ञान साहेबांना कुठून आलं कोण जाणे. त्यांच्या घरची बाई मागे सरकत सरकत माहेरी पोचली, त्याला बराच काळ लोटला होता.

बूथचा कायदा साधा. साहेबांनी टेबलावरचं बटण दाबलं की त्यांचा आवाज फक्त मुलीच्या कानात. मुलगी बोलली की सगळ्या खोलीत, मोठ्या स्पीकरवर. म्हणजे साहेबांनी माइकला तोंड लावून पुटपुटायचं आणि मुलीने चारचौघांत गप्प राहायचं. या सोयीला साहेब खेळीमेळी म्हणत.

त्यांनी बटण दाबलं, ओठांपुढे हात धरला. शेजारच्या मावशींना तरीही ऐकू आलंच.

टेक सुरू झाला. पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं आणि स्पीकरवर मुलीचा आवाज आला, सपाट, धुतलेल्या फरशीसारखा :

“आज केस मोकळे? माझ्यासाठी?”

सोफ्यावर बसलेल्या कंपनीच्या बाईंनी कागद चाळला. “हे वाक्य कुठाय?”

साहेबांनी घाईघाईने बटण दाबलं, काहीतरी दटावलं.

“वेडी आहेस का, काम घालवशील,” कानात आलेलं स्पीकरने जसंच्या तसं म्हटलं. “एवढी मस्करी कळत नाही?”

साहेब हसून मागे वळले. “नवीन आहे पोर. घाबरलीय.”

“मावशी,” स्पीकरवरून हाक आली. “याला काय म्हणायचं? ओठ मिटणारा शब्द सांग ना.”

मावशी उठल्या. “बोट काढा.”

“अहो, मावशी…”

“बोट काढा म्हणते ना.” त्यांनी बटण दाबलं. हात आडवा न धरता, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “मवालीपणा. घे, बाळा. पहिल्यापासून घे.”

मुलीने घेतलं. “तुम्ही माझ्याशी मवालीपणा करताय?” पडद्यावरचे ओठ मिटले, उघडले, चपखल. सोफ्यावरच्या बाईंच्या तोंडून ‘बसलं!’ निघून गेलं. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. कंपनीची माणसं अशी वेळ आली की नेहमी घड्याळाकडेच पाहतात.

साहेब तिथेच आहेत. मालिका लागली तेव्हा वाक्यात मस्करी होती आणि आवाज दुसऱ्या मुलीचा. मावशींना त्या स्टुडिओतून पुन्हा बोलावणं आलं नाही. विचारायला गेलेल्यांना साहेब सांगतात, मायलेकींसारख्या आहेत दोघी, गंमत म्हणून कळत नाही त्यांना.

हेडफोनचा आवाज बंद करायचं बटण बूथमध्ये मुलीच्या हाताशीच होतं, पण ते फिरवलं की पडद्यावरची बाईही ऐकू येत नाही.