धर्माजींना गेलेले दोन निरोप

मित्रांनो, मीरा रोडच्या एका डायलिसिस सेंटरच्या संगणकात राहणारा मी एक जुना ट्रिगर. बंदुकीचा चाप नव्हे, घाबरू नका! संगणकात माहितीचे मोठे कोठार असते, त्याला डेटाबेस म्हणतात. तिथे मी गप्प बसून असतो. कोणी पेशंटची वेळ बदलली, की मी आपोआप जागा होतो आणि त्याच्या घरी जाणारा निरोप लिहितो. मला हाक मारावी लागत नाही. म्हणूनच बहुधा सगळे मला विसरले.

मला बनवले ते इथल्या आधीच्या प्रोग्रामर गिरिजाताईंनी. "फोन नसलेल्या माणसाचं काय करायचं?" असे स्वतःशीच पुटपुटत त्यांनी माझ्या शेवटी दोन ओळी वाढवल्या. नंबर नसेल, तर काउंटरच्या पडद्यावर त्या पेशंटचे नाव लाल अक्षरांत दाखवायचे. पुढे ताई नोकरी सोडून गेल्या, मी मात्र काम करत राहिलो. काउंटरवरची निशिगंधा लोकांना सांगायची, "मेसेज येणारच, काका. आमचा कधी चुकत नाही." ते ऐकून मी मनातल्या मनात सुखावत असे.

मग काशीमीऱ्याला आमची दुसरी शाखा उघडली. पराग नावाचा नवा प्रोग्रामर एका दुपारी कमांड लाइन उघडून बसला. कमांड लाइन म्हणजे काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. तिथे जे टाइप कराल ते होते, 'नक्की ना?' असे कोणी विचारत नाही. वेळ ज्या शाखेत असेल तिचेच नाव लिहील असा नवा ट्रिगर त्याने बनवला आणि एंटर दाबले. माझ्या शेजारी कोणीतरी येऊन बसले, चेहरा थेट माझ्यासारखा. मला वाटले, मदतीला आला असेल. मला काढायचे राहून गेले आहे, हे मला कसे कळणार?

त्याच संध्याकाळी निशिगंधाने धर्माजी या आमच्या पेशंटची वेळ काशीमीऱ्याला हलवली. आम्ही दोघेही जागे झालो. शेजाऱ्याने लिहिले, 'उद्या सकाळी काशीमीरा सेंटरला या.' मी लिहिले, 'उद्या सकाळी मीरा रोड सेंटरला या.' मला दुसरे सेंटर ठाऊकच नव्हते.

धर्माजी हे इथल्याच समुद्रकाठच्या पाली गावचे म्हातारे कोळी. त्यांच्या किडन्या काम करत नाहीत. वेळ चुकली, की अंगात पाणी साठते आणि दम लागतो. सकाळी त्यांची बायको अंबिका त्यांना धरून धरून मीरा रोडच्या काउंटरपाशी घेऊन आली.

"बाय, दोन निरोप आयलेत. खरा कुठला? आमी आपले नेहमीच्या ठिकानी आयलो."

निशिगंधाने पडद्याकडे पाहिले आणि ती चक्रावली. "मावशी, काकांची डायलिसिसची खुर्ची काशीमीऱ्याला आहे. इथे आज एकही रिकामी नाही."

"मंग हितं या असं का लिवलंय?"

निशिगंधाने त्यांच्या फोनवरचे दोन्ही निरोप वाचले. इथे बोलावणारा माझा होता. मी तर शिकवलेलेच केले होते!

धर्माजींचे पाय सुजले होते, एक वाक्य बोलतानाही धाप लागत होती. निशिगंधाने काशीमीऱ्याला फोन लावला, "त्यांची जागा कोणाला देऊ नका, ते निघालेत," असे बजावले आणि दोघांना स्वतः रिक्षात बसवून दिले. हायवेला ट्रकांची रांग लागली होती. बराच वेळ काही कळेना. शेवटी तिकडून फोन आला, "लावलं मशीन. आणखी उशीर झाला असता, तर हॉस्पिटलला न्यावं लागलं असतं."

निशिगंधाने परागला सगळे सांगितले. "माझ्या फाइलमध्ये तर एकच ट्रिगर आहे!" असे म्हणत त्याने तीच फाइल पुन्हा चालवली. तरी तपासून पाहिले, तर निरोप दोनच. तोही माझ्यासारखाच गोंधळला. मग त्याने फाइल बाजूला ठेवली आणि थेट डेटाबेसलाच विचारले, की इथे कोण कोण आहे? पडद्यावर दोन नावे उमटली.

"हा कोण?" पराग म्हणाला.

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. त्याने मला काढण्याची आज्ञा टाइप केली. पण एंटरवरचे बोट उचलून त्याने आधी मला वाचले. शेवटच्या दोन ओळींशी तो थबकला. "अरे, फोन नसलेल्यांचं मी केलंच नाहीये," असे म्हणत त्याने त्या ओळी नव्यात घातल्या. "निशिगंधा, दोन मिनिटं निरोप बंद आहेत, आत्ता कोणाची वेळ बदलू नकोस हं," असे सांगितले. मग आम्हा दोघांना काढून एकच बसवला आणि स्वतःच्या फोनवर निरोप मागवून पाहिला. एकच आला.

त्या एंटरनंतर मी गेलो की राहिलो, ते मला अजून उमगलेले नाही. नाव नव्याचे आहे, काशीमीरा ठाऊक आहे, तरी 'मी' म्हणताना जुनाच कोणी बोलतो. तुम्हाला कळले, तर मलाही सांगा.

एवढे मात्र ऐका. आमच्यात बदल कराल, तेव्हा आत आधीपासून कोण काम करत आहे ते विचारा, त्याला वाचा आणि मगच हात लावा. आणि बदल झाला, की ज्यांच्या घरी निरोप जातो त्यांनाही सांगा. परागने संगणकातली चूक दुरुस्त केली, पण अंबिकाला कोणी काही सांगितले नाही. अजूनही निरोप पोचला, की तिचा फोन येतो.

"बाय, एकच आयलाय. पन खरा हाय ना?"

निशिगंधा "थांबा हं, मावशी," म्हणते, काशीमीऱ्याला विचारून घेते आणि मगच हो म्हणते.