तांबडीचं दावं

माझे थोरले दीर बिभीषण यांचं सरकारबद्दल एकच म्हणणं होतं. सरकारने रस्ता करावा, पूल बांधावा आणि माझ्या दारात येऊ नये. घरकुल मंजूर झालं, नको म्हणाले. निराधारांचा पगार मिळत होता, तोही नको म्हणाले. आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मालक सहादेव, नेमके गावचे कोतवाल. सरकारचा प्रत्येक निरोप घेऊन त्यांना त्याच दारात जावं लागायचं. दीर त्यांना चहा पाजायचे आणि निरोप न ऐकताच परत पाठवायचे. मला दोघांचंही हसू यायचं.

जाऊबाई गेल्यावर त्या घरात तांबडी गाय तेवढी उरली. जाऊबाईंनीच ती वासरू असताना बाटलीने दूध पाजून जगवली होती. दीर जेवायचेसुद्धा तिच्यासमोर, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून.

त्या भादव्यात सीना नदी फुगली. नदीकाठची वस्ती दिवस मावळायच्या आत रिकामी करा, असा हुकूम निघाला. माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शाळेत गेली, दीर काही हलेनात. आधी म्हणाले, भाकरी थापायची राहिलीय. मग म्हणाले, जरा डोळा लागला होता. मग म्हणाले, असले पूर मी लई बघितलेत. मालक खेपा घालून घालून मेटाकुटीला आले. शेवटी तालुक्याचे साहेब दोन पोलीस घेऊन स्वतःच आले. वयाने पोरगेलेसे होते, पण उर्मट नव्हते. हात जोडून म्हणाले, बाबा, चला.

दीर उठले. खरंच उठले. अंगणवाडीची बाई म्हणून बायकापोरांना सांभाळायला मी शेवटच्या ट्रॉलीत होते, मी डोळ्यांनी पाहिलं.

"तांबडीचं दावं सोडतो, मंग येतो," ते म्हणाले. "दोन मिन्टं."

साहेबांनी मालकांकडे पाहिलं. दिवसभर वैतागलेले मालक बोलून गेले, "सायेब, दादा आता गोठ्यात जाऊन बसंल. न्हाई यायचा."

पोलिसांनी दिरांना उचललं. दावं सोडू द्या, एवढंच ते म्हणत राहिले, आधी मोठ्याने, मग हळूहळू. मीच जाते म्हणून मी खाली उतरले, तर रस्त्यावर पाणी आलेलं. साहेबांनी दंडाला धरून मला परत ट्रॉलीत चढवलं. ट्रॅक्टर निघाला तेव्हा तांबडी हंबरत होती.

साहेब चुकले असं मला म्हणता येत नाही. पाणी दिरांच्या चौकटीवरून गेलं. ते तिथे राहिले असते तर आम्ही त्यांना नदीत हुडकत बसलो असतो. हे सगळं कळतं, तरी साहेबांवरचा राग जात नाही, आणि नवऱ्यावरचा तर त्याहून नाही. त्या माणसाने जन्मभर नाही म्हटलं, म्हणून एकदा हो म्हणाला ते कुणाला खरंच वाटलं नाही.

पाणी ओसरल्यावर आम्ही वस्तीवर गेलो. तांबडी गोठ्यातच होती, खुंट्याशी, चिखलात आडवी. ओढून ओढून तिने खुंटा तिरका केला होता, पण तो उपटला नव्हता. साहेबही आले होते. गाईचा पंचनामा मी स्वतः करून घेतो, भरपाई मिळेल, असं ते चाचरत म्हणाले. दिरांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते खाली बसले आणि दाव्याची गाठ सोडायला लागले. भिजून ती दगडासारखी झाली होती. त्यांची नखं तुटली, बोटांतून रक्त आलं, तरी त्यांचं चालूच.

मालकांना ते पाहवेना. कुणाच्या तरी घरातून ते विळा घेऊन आले.

"दादा, सरक. मी कापतो."

दिरांनी मान वर केली नाही.

"राहू दे, सहादू," ते म्हणाले. "आता कुणाला घाई हाय?"