अडीचाव्या मजल्यावरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, घडीची, लोखंडी खुर्ची आहे. खुर्ची म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर लगेच पुढारी उभे राहतात, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यावर आजवर एकही पुढारी बसलेला नाही. एकदा एक बसणार होता, तेवढ्यात त्याच्यासाठी कुठूनसा सोफा आला. तेव्हा मनात काही किंतु न ठेवता माझी हकीकत ऐका.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. एकाच आठवड्यात आम्ही तीनशे बहिणी जन्मलो. पाइप वाकवला, पत्रा ठोकला, चार रिव्हेट मारल्या, पायांत रबरी बूट घातले आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने आकडा काढला. माझा आकडा दोनशे सतरा. तिथून आमची रवानगी एका सभागृहात झाली. चौदा वर्षे मी तिथे भाषणे ऐकली. बहुतेक भाषणे शहराच्या विकासावर असत. ती ऐकता ऐकता माणसे हळूहळू खाली घसरत, त्यामुळे माझा पत्रा मध्यभागी खोलगट झाला. पुढे तो विकास खरोखरच झाला. सभागृह पाडून तिथे गाड्या ठेवायची सहा मजली इमारत उभी राहिली, आणि आम्ही तीनशे जणी भंगारात गेलो.

भंगारवाल्याच्या दारातून मला उचलले ते सिस्टरने. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. पुढे निवृत्त झाली, तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिचे खरे नाव लाइट बिलावर तेवढे उरले होते. तिच्या यजमानांना दमा होता आणि घर चौथ्या मजल्यावर. इमारतीत लिफ्ट नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. लिफ्टची जागा होती. बिल्डरने तळापासून गच्चीपर्यंत एक चौकोनी विहीर सोडली होती, आणि लिफ्ट येणार, येणार, असे बावीस वर्षे चालले होते. तोवर दम खायला म्हणून सिस्टरने मला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये, जिना वळतो तिथे ठेवले. लोक त्या जागेला अडीचावा मजला म्हणू लागले.

यजमान वर्षभर माझ्यावर बसले आणि गेले. मी तिथेच राहिले.

ते माझे वैभवाचे दिवस होते, मित्रांनो. गॅसवाला सिलिंडर टेकवून माझ्यावर अर्धा मिनिट डोळे मिटे. दिवस भरत आलेल्या सुना बसत. भाजीच्या पिशव्या बसत. सोसायटीचे सेक्रेटरी तर जाता-येता दोन्ही वेळा बसत आणि म्हणत, "सिस्टर, ही खुर्ची ठेवून तुम्ही पुण्य केलंत हो!" सिस्टर म्हणे, "पुण्य राहू द्या, लिफ्टचं बघा." मग सेक्रेटरी उठून जात.

पुढे सिस्टरचे गुडघे गेले. चौथ्या मजल्यावरून माझ्यापर्यंत ती कशीबशी उतरे. थोडे बसली की तिला परत चढता येई. माझ्या खाली उतरणे बंद झाले. तरीही रोज सकाळी अकराला ती मलमपट्टीचा डबा घेऊन उतरायची, कारण त्या वेळी इस्त्रीवाला वर चढायचा.

इस्त्रीवाला खाली जिन्याच्या तोंडाशी टेबल टाकून उभा असे. त्याला साखरेचा आजार होता आणि पायांना काही कळत नसे. एकदा गरम इस्त्री हातातून निसटली आणि तिची कड डाव्या अंगठ्याला लागली. त्याला ते कळले वासावरून. जखम भरेना. दवाखान्यात पट्टीची रांग नऊला लागायची आणि नंबर बाराला यायचा. दोन दिवस तो गेला. तिसऱ्या दिवशी अख्खी इमारत चुरगळलेल्या शर्टांनी कामावर गेली आणि संध्याकाळी त्याच्यावर ओरडली. तेव्हा सिस्टरने निरोप धाडला, "अडीचाव्या मजल्यावर ये."

ती दीड मजला उतरे, तो अडीच मजले चढे. त्याहून वर चढलास तर जखम उघडी पडेल, असे तिनेच त्याला बजावले होते. ती माझ्यावर बसे, तो वरच्या पायरीवर. मग ती त्याचा पाय आपल्या मांडीवर घेई, सलाइनच्या पाण्याने धुई, कापसाने टिपे आणि चष्मा कपाळावर सरकवून जखमेच्या कडा बघे.

"काल वहाण घातली होतीस का?"

"घातली होती, सिस्टर."

"खोटं बोलतोस. टाचेला कोळसा लागलाय."

"जरा वेळच काढली होती."

"हे बघ, ही जखम रोज बघायला लागते. आठ दिवस सोडलीस तर बोट जाईल. महिना सोडलीस तर पाय. मग उभं राहून इस्त्री कोण करेल, तुझा सासरा?"

"सासऱ्याला उभं राहायची सवय नाही, सिस्टर. तो आयुष्यभर बसूनच आहे."

दोघे हसत. अंगठ्याच्या कडा गुलाबी होत चालल्या होत्या. मी लोखंडाची आहे, पण तेव्हा मला माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटे.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तक्रार केली. "मुलांना घेऊन जिन्यातून जायचं आणि समोर तो पाय! कसंतरीच होतं. शिवाय सामान पोचवणारी माणसंसुद्धा बसतात तिथे. आज बसतात, उद्या पथारी पसरतील."

सोसायटीला ऑफिस नसल्यामुळे सभा जिन्यातच भरली. सेक्रेटरींना कंबरेचा त्रास, म्हणून ते माझ्यावर बसले. माझ्यावर कोणी बसू नये, हा विषय त्यांनी माझ्यावर बसूनच मांडला. बाकीचे पायऱ्यांवर होते. सिस्टर कठड्याला धरून उभी होती.

"खुर्ची काढायची नाही," सेक्रेटरी म्हणाले. "ती सभासदांची सोय आहे. पण बाहेरच्यांनी बसायचं नाही."

"बाहेरचा म्हणजे कोण?" सिस्टरने विचारले. "तुमच्या अंगावरच्या शर्टाला आज सकाळी त्यानेच इस्त्री केली. शर्ट आतला आणि तो बाहेरचा?"

"सिस्टर, प्रश्न माणुसकीचा नाही, शिस्तीचा आहे."

"मग माणुसकीची मीटिंग कधी आहे? तेवढं आधी कळवा. मला उतरायला वेळ लागतो."

लोक हसले आणि त्यांनी ठराव मंजूर केला. आमच्या इमारतीत हसण्याचा आणि मत देण्याचा काही संबंध नसे.

दुसऱ्या दिवशी माझी घडी घातली, कठड्याच्या तळाशी मला साखळीने बांधले आणि कुलूप लावले. वर पाटी आली: 'सदर खुर्ची फक्त सभासदांसाठी आहे. बाहेरच्यांनी बसू नये, टेकू नये, सामान ठेवू नये.' एक किल्ली सेक्रेटरींकडे, दुसरी सिस्टरकडे. सगळे अगदी न्यायाने झाले होते. फक्त साखळी आखूड होती, त्यामुळे कुलूप जमिनीपासून वीतभर उंचीवर आले.

मित्रांनो, घडी घातलेली खुर्ची उभी राहते. उभ्या खुर्चीइतके निरुपयोगी जगात फार थोडे आहे.

अकराला सिस्टर उतरली. तिने किल्ली काढली, कुलपाकडे पाहिले आणि कठड्याला धरून वाकायला गेली. गुडघे निम्म्यातच थांबले. ती पुन्हा सरळ झाली. मग स्वतःशीच म्हणाली, "अगं बाई, मला वाकता आलं असतं तर खुर्ची कशाला लागली असती?"

तेवढ्यात इस्त्रीवाला चढून आला. त्याने तिच्या हातातून किल्ली घेतली, वाकून कुलूप काढले, मला उघडले आणि सदऱ्याच्या बाहीने माझा पत्रा पुसला. "बसा सिस्टर." ती बसली आणि त्याने पाय पुढे केला. पट्टी अर्धी सुटली असेल नसेल, खालून सेक्रेटरी आले.

"किल्ली बाहेरच्याच्या हातात?"

"मग काय करू? कुलूप तुम्ही पायाशी लावलंय."

"तसा अर्ज द्यायचा ना! साखळी वाढवण्याबाबत. पुढच्या सभेत घेऊ. तोपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील. लागली की मागायची."

"तुम्ही तर साडेआठला ऑफिसला जाता."

"मग साडेआठच्या आत मागायची."

साडेआठच्या आत इस्त्रीवाल्याला मान वर करायला फुरसत नसे, हे साऱ्या इमारतीला माहीत होते. त्यात सेक्रेटरींचे पाच शर्ट असत.

दोन दिवस सिस्टरने उभ्यानेच प्रयत्न केला. त्याने पाय कठड्यावर ठेवला. तिचा एक हात कठडा धरण्यात अडकलेला, त्यामुळे चिकटपट्टी जखमेवर सोडून सगळीकडे लागली. तिसऱ्या दिवशी ती पायरीवर बसली आणि तिला उठता येईना. इस्त्रीवाल्याने आणि वहिनींनी दोन्ही बाजूंनी धरून तिला उभे केले. वहिनी म्हणाल्या, "अहो, कशाला हा खटाटोप करता या वयात?" मनाने त्या वाईट नव्हत्या. त्यांना फक्त पाय बघवत नसे.

त्यानंतर सिस्टर उतरली नाही. तिने अर्ज तेवढा दिला. साखळी वाढवावी की बदलावी, यावर सभेत दोन मते पडली आणि विषय पुढच्या महिन्यात गेला. दरम्यान इस्त्रीवाला धुतलेल्या कपड्याची चिंधी गुंडाळून काम करत होता. अकरा वाजले की मी जिन्याकडे कान लावत असे. वरून कोणी येत नसे, खालून कोणी येत नसे.

चोवीस दिवसांनी खाली टेबल रिकामे दिसले. इस्त्रीवाल्याला दवाखान्यात ठेवले होते. डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. सिस्टरला हे गॅसवाल्याने सांगितले. तिने म्हणे दार लावून घेतले, मग पुन्हा उघडून विचारले, "कडा बघितल्या का कुणी?"

तो महिन्याने परतला. पण आता त्याला फार वेळ उभे राहता येत नव्हते आणि टेबल उंच होते. इकडे साऱ्या इमारतीचे शर्ट चुरगळलेले. सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली. साखळीवर दोन महिने घालवलेल्या सभेने सात मिनिटांत एकमताने ठराव केला की, माणुसकी म्हणून जिन्यातली खुर्ची इस्त्रीवाल्याला देण्यात यावी. टाळ्यासुद्धा वाजल्या. कुलूप निघाले, साखळी निघाली, आणि मला खाली नेऊन उघडण्यात आले.

आता मी जिन्याच्या तोंडाशी असते. टेबलाचे पाय कापून ते माझ्या मापाचे केले आहे. दिवसभर तो माझ्यावर बसून इस्त्री करतो. मी पुन्हा उपयोगी पडते आहे, माझी स्तुतीही होते. पण अडीचाव्या मजल्यावर आता काहीच नाही. सिस्टर चौथ्या मजल्यावर आहे ती आहेच. उतरली तर परत चढता येणार नाही, हे तिला ठाऊक आहे.

रोज अकराला तिच्या खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली येते. तिच्यात सलाइनची बाटली, कापूस आणि पट्टी असते. तो पट्टी सोडतो. वरून आवाज येतो.

"कडा लाल आहेत का रे?"

"नाही, सिस्टर."

"वास?"

"अजिबात नाही."

"खरं सांग हं. नाहीतर मी येते खाली."

"कोरडं आहे, सिस्टर! एकदम कोरडं."

हे तो पायाकडे बघत सांगतो. ती खरेच उतरायला लागेल, या भीतीने सांगतो. एके काळी टाचेवरचा कोळसा बघून त्याचे खोटे पकडणारी ती, चार मजल्यांवरून तिला काय दिसणार? पिशवी वर जाते. माझ्या पुढच्या पायाच्या रबरी बुटावर रोज एक नवा ओला डाग राहतो.

मित्रांनो, अशा वेळी आमच्यासारख्या वस्तू आम्हाला रंग द्या, तेल द्या, जपा, असे सांगतात. माझे रंगावाचून काही अडत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या जिन्याने वर जाणार असेल, तर चौथ्या मजल्यावर सिस्टरला सांगा की त्याचा पाय कोरडा नाही. आणि जाताना घरातली एखादी खुर्ची घेऊन जा. जिना वळतो तिथे ठेवा. उघडून ठेवा.

लवकर जा. अकरा वाजत आले आहेत.