त्या दुपारी मी वाजले नव्हते

मित्रांनो, शाळेच्या सहलीत धापा टाकत मनोरा चढून तुम्ही ज्या घंटेखाली येऊन उभे राहता, ती म्हातारी घंटा मी. माझ्या खाली भिंतीवर एक पितळी पाटी आहे. 'हिने शहर वाचवले' असे तिच्यावर सुरुवातीलाच कोरले आहे. मार्गदर्शक ती मोठ्याने वाचून दाखवतात, तुम्ही माना वर करून बघता, कुणीतरी "केवढी आहे!" म्हणते आणि मग सगळे डबे खायला खाली पळता. ती पाटी खोटी आहे. हे मला फार वर्षांपासून सांगायचे होते.

माझा जन्म नदीकाठच्या ओतशाळेत झाला. त्या काळी नदीच्या चिखलात गिळ्ये राहत. चित्रांत गिळ्याला मोठमोठे दात काढतात, पण खऱ्या गिळ्याला दात नव्हते. ओल्या गादीसारखा तो धुक्यातून घरंगळत येई आणि वाटेत जे असेल ते आख्खे आत घेई. कोंबडी, कुत्रे, एकदा तर गाडीवान गाडीसकट. त्याचा जराही आवाज होत नसे. शिकाऱ्यांना पत्ता लागेपर्यंत त्याचे पोट भरलेले असे.

तेव्हा शहर थोरल्यांकडे गेले. थोरले ही माणसांच्या आधीपासून इथे राहणारी जमात. राखाडी कातडीचे, तीनशे वर्षे जगणारे, वितळलेल्या धातूत कोपरापर्यंत हात घालून ढवळणारे लोक. त्यांच्यात एक ओतारीण होती. सगळे शहर तिला मावशी म्हणे, कारण कुणाच्याही पणजीच्या लहानपणी ती तेवढीच म्हातारी होती. तिने मेणाचा साचा केला, वर माती लिंपली, मेण वितळवून काढले आणि त्या पोकळीत मला ओतले. मी निवत होते ते चाळीस दिवस ती माझ्या काठाला ओठ लावून नदीचे, धुक्याचे, चिखलाचे आवाज मला ओळखायला शिकवत राहिली.

"दोर कुठं बांधू?" मला मनोऱ्यात टांगताना सुताराने विचारले.

"दोर नको. गिळ्या हलला की हिला कळेल. आपली आपण वाजेल."

"आणि नाही वाजली तर?"

"तर घरी जाऊन झोप. काही आलेलं नसेल," मावशी म्हणाली.

पुढची ऐंशी वर्षे मी एकदाही चुकले नाही. हा गर्व असेल तर असू दे. मी वाजले की शहरात दोन गोष्टी होत. शिकारी भाले उचलून नदीकडे धावत आणि थोरले ओतशाळेखालच्या दगडी तळघराची दारे उघडत. मावशी स्वतः उंबऱ्यावर उभी राहून ओरडे, "या, या, लेकरं आधी!" सारे शहर त्या तळघरात शिरे. गिळ्या मारला गेला की लोक बाहेर येत आणि शिकाऱ्यांना खांद्यावर घेऊन नाचत. थोरले दारे लावून पुन्हा भट्टीकडे वळत. त्यांना कुणी खांद्यावर घेतल्याचे मला आठवत नाही.

माझ्या खालच्या खोलीत राखणीला एक बाई असे. तिला सगळे ताई म्हणत. आईबाप तापाने गेल्यावर तिने धाकट्या भावाला एकटीने वाढवले. तो शिकारी झाला आणि पहिल्याच शिकारीत गिळ्याच्या तोंडात डावा हात घालून बसला. मी वाजले म्हणून बाकीचे वेळेवर पोचले आणि हात वाचला, दोन बोटे तेवढी आत विरघळून गेली. तेव्हापासून तो तीनबोट्या. पुढे शिकारीसंघाचा प्रमुख झाला, तरी नाव तेच राहिले आणि त्याला ते आवडायचे. ताई रोज सकाळी शिडी लावून मला तेलाच्या फडक्याने पुसायची. पुसताना भावाच्या तक्रारी करायची. मावशी अधूनमधून वर येई, माझ्या कडेला कान लावी, आणि मग दोघी खिडकीत बसून शेंगा फोडत तासन्‌तास गप्पा मारत.

मग गिळ्ये संपले. शेवटचा गिळ्या तीनबोट्यानेच मारला. त्यानंतर बारा वर्षे मी गप्प होते. मला वाटले, यासाठीच तर मला घडवले. घंटेला आणखी काय हवे?

पण शिकाऱ्यांचे दिवस फिरले. पूर्वी पाववाला त्यांना दुकानाच्या मागच्या दाराने गरम पाव देई. आता म्हणू लागला, "दादा, रांगेत या." भाल्यांना धार लावून लावून पाती अर्धी झाली. नगरसभेत कुणीतरी सुचवले की शिकारीसंघाची इमारत धोबीघाटाला द्यावी, निदान कपडे तरी वाळतील. लोक हसले. तीनबोट्या त्या सभेत बसला होता.

त्यानंतर शहरात कुजबुज सुरू झाली. आधी पाववाल्याच्या रांगेत, मग न्हाव्याकडे. गिळ्ये एकाएकी गेले कुठे? एवढे मोठे तळघर थोरल्यांना लागते कशाला? तीनशे वर्षे जगतात म्हणजे खातात तरी काय? ज्या तळघरात आपण आईच्या मांडीवर झोपलो, त्याबद्दल लोक हे बोलत होते. आणि हळूहळू थोरल्यांना 'थोरले' म्हणणेही बंद झाले. लोक त्यांना 'उरलेले' म्हणू लागले.

एके सकाळी तीनबोट्या दोन माणसांना घेऊन वर आला. त्यांच्या खांद्यावर डांबराचा वास येणारा कोरा दोर होता.

"हे काय आणि?" ताईने शिडीवरून विचारले.

"घंटेला दोर बांधतोय. बारा वर्षांत वाजली नाही ती. बहिरी झाली असेल."

"बहिरी नाही झाली. बाहेर काही नाहीये, म्हणून गप्प आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुला भाल्यातलं जेवढं कळतं ना, तेवढं मला हिच्यातलं कळतं. उगाच शहाणपणा करू नकोस."

त्यांनी तरीही माझ्या लोलकाला दोर बांधला. मला तो गळ्याशी आल्यासारखा वाटला.

चार दिवसांनी तीनबोट्या एकटाच आला. बहिणीच्या खोलीत पायरीवर बसला, तिने दिलेला चहा तसाच निवू दिला. म्हणाला, "लोक तोंडावर हसतात गं आता."

"हसू देत. दुसरं काम बघ."

"या हातानं?" त्याने तो हात पुढे केला. "ताई, उद्या दुपारी एकदा दोर ओढ. तू ओढलास तर कुणाला शंका येणार नाही. आम्ही तळघर तपासू, काही निघालं नाही तर माघारी येऊ."

"आणि तिथं काय निघणार आहे? माझी मावशी निघेल, शेंगा निवडताना."

"मावशी! तुझी सख्खी आहे का ती?"

"तुझ्या बोटांना पट्ट्या बांधल्या तेव्हा नव्हतं विचारलंस, सख्खी आहे का म्हणून."

त्याने निवलेला चहा बाजूला सारला. मग उठता उठता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मनोरा संघाचा आहे. संघ मोडला तर ही खोलीही जाईल. या वयात कुठं जाशील? आणि तू नाही ओढलास, तर दुसरं कुणी ओढेल. दोर काय, कुणाच्याही हातात येतो."

त्या रात्री ताई झोपली नाही. सकाळी तिने मला पुसले नाही. दुपारी, धुणी वाळत असताना, ऊन लख्ख असताना, नदीवर धुक्याचे नावही नसताना ती वर आली. दोन्ही हातांनी दोर धरला. "मला माफ कर," असे ती मला म्हणाली की मावशीला, ते मला आजही समजलेले नाही. आणि तिने ओढला.

मित्रांनो, मी आजवर आतून वाजत आले होते. त्या दिवशी मला बाहेरून वाजवले. मी अंग आकसून बघितले, पण काशाच्या घंटेला अंग आकसता येत नाही. माझा आवाज शहरभर गेला.

आणि थोरल्यांनी काय केले ठाऊक आहे? ऐंशी वर्षे करत आले तेच. तळघराची दारे सताड उघडली. मावशी धावत उंबऱ्यावर आली आणि दोन्ही हात पसरून ओरडली, "या, या, लेकरं आधी!"

गल्लीच्या तोंडाशी शिकारी उभे होते. त्यांना दार फोडावे लागले नाही.

मावशीचे तोंड अर्धे उघडे राहिले. मग तिने मान तिरकी केली, जशी माझ्या कडेला कान लावताना करायची तशी, आणि क्षणभर ऐकले. तिला कळले. तिने वर माझ्याकडे बघून हाक मारली, "पोरी, हा तुझा आवाज नाही!" मी तेव्हाही वाजतच होते. ताईच्या हातातून दोर सुटत नव्हता.

संध्याकाळपर्यंत थोरल्यांना पुलापलीकडे हाकलले. मी वरून पाहत होते. ओतशाळेत राहणारे एकसष्ट जण मला चालीवरून ओळखता येत. पूल ओलांडून चव्वेचाळीस गेले. त्यांत मावशी नव्हती. तळघरात एकही गिळ्या निघाला नाही. शेंगांच्या टोपल्या निघाल्या, लहान मुलांसाठी घडी करून ठेवलेल्या चादरी निघाल्या. काही निघाले नाही, तरी तीनबोट्या माघारी फिरला नाही. त्याने लोकांना सांगितले, की घंटा वाजली म्हणजे गिळ्या होताच, उरलेल्यांनी तो लपवला असेल. आणि लोक म्हणाले, खरेच की, ही घंटा कधी खोटे बोलत नाही.

माझी जन्मभराची खरी पुण्याई त्यांनी अशी खर्ची घातली.

मग माझे कौतुक झाले. मला घासूनपुसून चकाकवले, पाटी लावली. तीनबोट्या नगरप्रमुख झाला, त्याचा पुतळा तुम्ही येताना चौकात पाहिला असेल. त्यात त्याला पाचही बोटे आहेत. ओतशाळेच्या घरांत नवे लोक राहायला आले. पाववाल्याने थोरल्यांच्या भट्टीत पाव भाजायला सुरुवात केली. ताईची खोली ताईकडेच राहिली. पण तिने पुन्हा कधी मला फडके लावले नाही. माझ्या अंगावरचा हा हिरवा थर तेव्हापासूनचा आहे.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. कधीकधी मला वाटते, नदीत एखादा गिळ्या यावा. म्हणजे मी आपली आपण वाजेन आणि सगळ्यांना माझा खरा आवाज ऐकू येईल. ज्यांना वाचवण्यासाठी मला घडवले, त्यांच्याच दारी मी संकट मागते आहे. त्या दोराने माझे काय केले आहे ते बघा.

गेल्या महिन्यात तुमच्यासारखीच मुले आली होती. मार्गदर्शक पाटी वाचत असताना जिन्यातून काठीचा आवाज आला. ताई होती. कित्येक वर्षांनी ती वर येत होती, दर पायरीवर थांबत.

"ती वाजली नव्हती," ती मुलांना म्हणाली. "मी ओढली होती. बाहेर काही नव्हतं. ऐका माझं, बाहेर काहीच नव्हतं."

शिक्षिकेने हळूच मुलांना जिन्याकडे वळवले. "आजींचं वय झालंय हं. चला, सावकाश उतरा." मार्गदर्शकाने ताईला हात देऊन स्टुलावर बसवले, पाणी दिले, आणि उतरणाऱ्या मुलांना पाटीवरचे उरलेले वाचून दाखवले. ताई रिकाम्या जिन्याकडे बघत पुटपुटत राहिली.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतो. तेल लावा, गंज काढा, अडगळीत टाकू नका. मला त्यातले काही नको. मी अजून पाचशे वर्षे टिकेन, गंज चढला तरी. ताई टिकणार नाही. खालच्या खोलीचे दार ती उघडेच ठेवते. उतरताना डब्यांची घाई करू नका. तिला माफ करायला जाऊ नका, तो अधिकार तुमचा नाही आणि माझाही नाही. फक्त तिच्यासमोर बसा आणि विचारा, "आजी, त्या दुपारी काय झालं?" आणि शेवटपर्यंत ऐका.