गुणगुण कोणाची

"म्हणजे तो आवाज तुमचाच, नक्की?" मॅडमनी पेन उघडत विचारलं, आणि काकूंनी तोंड उघडायच्या आत त्यांची मुलगी म्हणाली, "तिचाच. आम्ही लहानपणापासून ऐकतोय."

काकू खिडकीशी बसून कोणाच्या तरी पँटची खालची पट्टी दुमडत होत्या. इमारतीखालच्या शिंप्याकडून असलं काम वर यायचं. नगरपालिकेच्या मॅडम येणार म्हणून हातातलं काम बाजूला ठेवावं, हे काही त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी दातांनी दोरा तोडला. त्यात मान जरा हलली, आणि मॅडमनी तो होकार धरला.

त्या वर्षी शहराला एक नवंच वेड लागलं होतं. लोकांच्या ओठांवरच्या गाण्यांवर सगळ्यात मोठी छाप कोणत्या शहराची, आपल्या की त्या बंदरच्या शहराची? कुठल्याशा वर्तमानपत्राने हा प्रश्न काढला आणि दोन्हीकडचे लोक कंबर कसून उतरले. बंदरवाले म्हणाले, नवी वाद्यं, नवे ताल जहाजांबरोबर पहिल्यांदा आमच्याकडे उतरले, तुम्ही ते आमच्या हॉटेलांत ऐकून उचलून नेलेत. इकडचे म्हणाले, उतरले असतील, पण त्यांची गाणी झाली ती आमच्या स्टुडिओत. नळाला पाणी कधी येईल याचा पत्ता नाही, आणि माणसं बादल्या घेऊन रांगेत उभी राहून या प्रश्नावर हमरीतुमरीवर येत होती. नगरपालिकेलाही हा वाद बरा वाटला असणार, कारण तेवढा वेळ पाण्याबद्दल कोणी विचारत नव्हतं. तिने जुना बंद पडलेला स्टुडिओ रंगवून घेतला आणि तिथे गाण्यांचं संग्रहालय काढायचं ठरवलं.

संग्रहालयाच्या दारातच ते गाणं लावायचं होतं. ते म्हणजे कोणतं, हे शहरात कोणाला सांगावं लागत नसे. गाण्याच्या सुरुवातीला एका बाईची गुणगुण आहे, तोंड मिटून केलेली, लांबलचक, मध्ये कुठेही न तुटणारी. शब्द नंतर येतात. शब्द विसरलेल्या लोकांनाही गुणगुण येते. मुख्य गायिकेचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण गुणगुण तिची नव्हे. ती कोरसमधल्या बाईची, आणि कोरसमधल्या बाईचं नाव कोण कुठे छापतो?

"आता अडचण अशी आहे," मॅडम म्हणाल्या, "की बंदरच्या एका गृहस्थांनी पेपरात लिहिलंय, तो आवाज त्यांच्या आईचा. आई दोन वर्षांपूर्वी गेली. म्हणजे स्टुडिओ तुमचा असला तरी गळा आमचा, असं त्यांचं म्हणणं."

"काहीही," मुलगी म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या नावावर काय वाट्टेल ते खपवायचं."

काकूंनी दुसरी पँट उचलली. सुईत दोरा ओवायला त्यांना बराच वेळ लागला.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. काकूंनी पुढच्या आठवड्यात स्टुडिओत यावं, ती गुणगुण एकदा सलग गाऊन दाखवावी. ते रेकॉर्ड करून दारातच ऐकवू, शेजारी काकूंचा फोटो, खाली नाव. वाद मिटला. चहा पिऊन, बिस्किटाला हात न लावता मॅडम गेल्या.

"आई, तुझा फोटो," मुलगी कप उचलता उचलता म्हणाली. दिवसभर दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी उभी राहून ती थकून यायची, घरी आली की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण त्या संध्याकाळी ती दोनदा हसली. "माझ्या बरोबरीच्या सगळ्यांना घेऊन जाणारे मी तिकडे."

काकूंची हयात कोरसमध्ये गेली होती. कोरसचा पहिला नियम असा की आपला आवाज आपल्याला सुद्धा ऐकू येता कामा नये. शेजारणीच्या आवाजात तो असा मिसळायचा की कोण कुठली ते कळू नये. चाली लावणाऱ्या मास्तरांची मोठ्यात मोठी शाबासकी म्हणजे, "आज तू कुठे ऐकूच आली नाहीस." अशी शाबासकी काकूंना खूपदा मिळाली. नवऱ्याला मात्र हे कधी पटलं नाही. तो गिरणीतून आला की रेडिओला कान लावून बसायचा आणि विचारायचा, "यात तू कुठेस?" काकू म्हणायच्या, "आहे की त्यातच." तो बिचारा पुन्हा कान लावायचा.

मग ते गाणं आलं. मास्तरांना सुरुवातीला अशी गुणगुण हवी होती की ऐकणाऱ्याने श्वास घ्यायचं विसरावं. तेव्हा तुकडे जोडायची सोय नव्हती; चुकलं की सगळ्या वाजवणाऱ्यांसकट पुन्हा पहिल्यापासून. एका बाईच्या छातीत एवढा दम मावेना. कोरसमधल्या एकेकीने करून पाहिलं, सगळ्यांची दमछाक झाली. त्या हंगामात बंदरच्या शहरातून एक बाई कामाला आली होती. अंगाने आडवी, तोंडाने फटकळ, सगळे तिला बंदरवालीच म्हणायचे. ती म्हणाली, "मास्तर, आम्ही दोघी मिळून एक बाई होऊ का?"

दोघी एका माईकसमोर कपाळाला कपाळ लागेल अशा उभ्या राहिल्या. एकीचा श्वास संपत आला की तिने दुसरीचा हात दाबायचा, दुसरीने त्याच सुरात अलगद शिरायचं, मग पहिलीने थांबायचं. दुपारभर घोटून घेतलं. ध्वनिमुद्रण झाल्यावर मास्तर काचेमागून बाहेर आले आणि म्हणाले, "कुठे एक संपते नि दुसरी लागते, मलाही सांगता येणार नाही. तुम्हीही कोणाला सांगू नका. एकच बाई आहे असं वाटू दे लोकांना." बंदरवाली म्हणाली, "दोघींना मिळून पैसे एकीचे देऊ नका म्हणजे झालं." हंगाम संपला, ती परत गेली, ती गेलीच.

रेडिओवर गाणं पहिल्यांदा लागलं तेव्हा नवरा ताडकन उठून बसला. "ही तू का?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा असा झाला होता की काकूंच्या तोंडून "हो" निघून गेलं. ते तसं खोटंही नव्हतं. पण नवऱ्याने तो "हो" गिरणीत नेला, शेजारपाजारी फिरवला. मुलीच्या शाळेत तो पोचला, लग्नात तिच्या सासरच्यांसमोर मांडला गेला. मरायच्या आदल्या दिवशीही त्याने नर्सला सांगितलं होतं, ते गाणं माहितीये ना, ती आमची ही.

बंदरवालीच्या घरीही असंच कोणीतरी विचारलं असणार. तिनेही "हो" म्हटलं असणार.

ती आता नाही. आपण "माझा" म्हटलं तर कोण यायचंय उलट सांगायला? मेलेल्या माणसाला फोटो काय करायचाय? काकूंनी मनाशी हे सगळं नीट घोळवून पाहिलं आणि त्यांना ते पटलं. त्यांना तो फोटो हवा होता. इतकी वर्षं न ऐकू येण्याची मजुरी केल्यावर एकदा कोणीतरी दारात उभं राहून म्हणावं, ही बघा, ही. यात गैर ते काय? त्यांनी सराव सुरू केला. मुलगी कामावर गेली की पँटी बाजूला सारायच्या, गरम पाण्याची वाफ घ्यायची आणि गुणगुण लांबवायची. पहिल्या दिवशी खोकल्याने जीव घाबरा झाला. पण जिथे तरुणपणी दम टिकला नव्हता तिथे आता म्हातारपणी हट्ट टिकला. बारीक आवाजात, हळू, कंजुषाने पैसा खर्च करावा तसा श्वास खर्चत, जायच्या दिवसापर्यंत त्या अखेर शेवटापर्यंत पोचल्या.

स्टुडिओ ओळखू येत नव्हता. भिंतींना पांढरा रंग, जमिनीवर नवी फरशी. आतली खोली मात्र होती तेवढीच होती. काचेमागे ध्वनिमुद्रण करणारा माणूस बसला होता, मॅडम आणि मुलगी त्याच्यामागे उभ्या. मुलीने अर्धी रजा टाकली होती. तिने इस्त्रीची साडी नेसली होती आणि आईलाही नेसवली होती.

"घाई नाही, काकू. तुमच्या मनाने सुरू करा," माणसाचा आवाज आला.

काकूंनी सुरू केलं. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, पण सूर जागच्या जागी होता. पहिलं वळण गेलं. मग ते दुसरं आलं. छातीत श्वास होता, घरी उरायचा त्याहून जास्तच उरला होता. काकू तिथे थांबल्या.

थांबायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. पण त्या खोलीत, त्या माईकसमोर, तिथून पुढचं आपण गाणं त्यांच्याने होईना. त्या गप्प उभ्या राहिल्या. पलीकडचा भाग मनातल्या मनात पुरा होऊ दिला, आणि आपली जागा आली तशी पुन्हा सूर धरून शेवटापर्यंत गेल्या.

मॅडम आत आल्या. "छान झालं. मध्ये दम लागला ना? लागणारच, वय आहे. काळजी करू नका, तेवढा तुकडा आम्ही भरून घेऊ. आता मशीनवर काही कळत नाही."

"दम नाही लागला," काकू म्हणाल्या. "तिथे ती गायची."

"ती कोण?"

"पेपरात लिहितोय ना तो मुलगा, त्याची आई. आम्ही दोघी होतो. थोडं मी, थोडं ती."

मॅडमनी एकदा काचेकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काकू, असं केलं तर फलकावर काही लिहिताच येणार नाही मला. अर्धं आमचं, अर्धं त्यांचं, असं कोण लावून देईल? तुम्ही हे बोलला नाहीत असं समजू का?"

"बोलले की आता," काकू म्हणाल्या. "तो मुलगा खोटं बोलत नाहीये. त्याला तेवढं कळवा."

मॅडम काही रागावल्या नाहीत. त्यांनाही दिवसभराची बरीच कामं असावीत. त्या बाहेर जाऊन फोनवर बोलू लागल्या, आणि काचेमागच्या माणसाने दिवा बंद केला.

जिना उतरताना मुलगी पुढे होती. काकू कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. खालच्या वळणावर मुलगी थांबली.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे ते इतकी वर्षं रेडिओला कान लावून जे ऐकायचे..."

काकू पायरीवर टेकल्या. आता मात्र त्यांना दम लागला होता. इस्त्रीची साडी चुरगळली, तिकडे त्यांनी पाहिलं नाही.

"अर्धा वेळ मीच होते गं," त्या म्हणाल्या.