बिनमैद्याची पारी

बेकरीतली एकतीस वर्षं संपवून मास्तर घरी बसले आणि दुसऱ्याच महिन्यात लेकीचं दुखणं कळलं. कधी पोटात कळा, कधी जुलाब, वजन उतरत चाललेलं. डॉक्टर बदलून झाले, औषधं बदलून झाली, शेवटी एका तपासणीत निघालं की तिला गहूच सोसत नाही. त्यातल्या ग्लूटेन या चिकट प्रथिनानं तिचं आतडं सुजतं. आता आयुष्यभर चिमूटभरसुद्धा गव्हाचं पीठ चालणार नाही.

"चिमूटभर म्हणजे किती?" मास्तरांनी विचारलं होतं.

"बाबा, तुमच्या बाहीवर असायचं ना, तेवढंही नाही."

ते त्यांना फार लागलं. तरी एकदा त्यांनी हौसेनं तांदळाच्या पिठाचा केक केला, पण भाजला मैद्याच्या केकच्या जुन्याच डब्यात. लेक चार दिवस अंथरुणात. तेव्हापासून ती रविवारी यायची ती स्वतःचा डबा घेऊन. मास्तर, त्यांची बायको आणि ती अशी तिघं टेबलाशी बसायची, ती झाकण उघडायची आणि मास्तर आपल्या ताटात बघत राहायचे. अशी दोन वर्षं गेली.

मग एका सोमवारी तिचा फोन आला. नकाशांच्या कचेरीत ती आता विभागप्रमुख झाली होती. आईनं फोनवरूनच तिची दृष्ट काढली. मास्तरांनी फोन हातात घेतला. "या रविवारी डबा आणू नकोस. लिंबाचा टार्ट करतो, लहानपणी तुला बेकरीतून आणायचो तस्सा, खुसखुशीत पारीत लिंबाचं कस्टर्ड. तुझ्यापुरता नाही, सगळ्यांनाच तो."

ती म्हणाली, "बाबा, नक्की?"

"नक्की."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, झेपेल तेवढंच बोलावं माणसानं."

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर उलथंपालथं झालं. घरातला सगळा मैदा आणि कणीक शेजारी गेली. फडताळं गरम पाण्यानं पुसून निघाली. चाळणी नवी, टार्टचा साचा नवा, चमचे नवे. लाकडी लाटणं मास्तरांनी स्वतः बाहेर ठेवलं, कारण लाकडाच्या चिरांत पीठ बसतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

गुरुवारी पहिला प्रयोग झाला. तांदळाचं पीठ, बदामाची पूड, थोडं कॉर्नफ्लोर, गार लोणी, अंडं. मास्तरांनी नव्या स्टीलच्या लाटण्यानं पारी लाटली, उचलली आणि तिचे सात तुकडे झाले. मैदा ओढला की ओढला जातो. हे पीठ ओढलं की सरळ काडीमोड घेत होतं. शुक्रवारी त्यांनी पाणी वाढवलं. पारी उचलली गेली, भाजलीही गेली, पण बायकोनं तिच्यावर टकटक चमचा आपटला आणि म्हणाली, "दारावर कोण आलंय का बघा."

"हस तू," मास्तर म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. एकतीस वर्षं लोक ज्यांचा हात नावाजत होते, त्यांना साधी पारी जमेना.

शनिवारी सकाळी ते ओट्याशी नुसते उभे होते. लाटायचीच कशाला, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी औषधांच्या कप्प्यातलं इसबगोल काढलं.

"अहो, ते पोटासाठी असतं!"

"धरून ठेवणं हा त्याचा गुण आहे. पिठालाही धरील."

एक चमचा इसबगोल पाण्यात फुगवून त्यांनी पिठात घातलं, गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवला आणि मग लाटण्याला हातही न लावता साच्यात बोटांनी थापत नेला. भाजल्यावर पारी सोनेरी झाली. कडेचा तुकडा जिभेवर विरघळला. बायकोनं दुसरा तुकडा मोडून घेतला.

रविवारी सकाळी त्यांनी तस्संच सगळं पुन्हा केलं. पारी फुगू नये म्हणून तिच्यावर कागद आणि कागदावर वजनाला राजमा घालून भाजली. मग राजमा आणि कागद काढून लिंबाचं कस्टर्ड ओतलं.

लेक रिकाम्या हातांनी आली. पहिला घास घेऊन तिनं डोळे मिटले.

"तस्साच! बाबा, केलंत कसं?"

मास्तर खुलले. इसबगोल सांगितलं, थापणं सांगितलं. "आणि वर कागद टाकून त्यावर राजमा..."

ते मधेच थांबले. राजमा बरणीतला. निवृत्त झाले त्या दिवशी बेकरीतून आठवण म्हणून आणलेली बरणी. वर्षानुवर्षं मैद्याच्या पारीवर भाजला गेलेला तो राजमा. घाईत हात सवयीनं तिकडेच गेला होता. लेकीच्या बशीतला अर्धा तुकडा संपला होता.

गप्प राहता आलं असतं. त्यांनी तिच्या हातातला चमचा धरला. "थांब. खाऊ नकोस. माझी चूक झाली." आणि त्यांनी बरणीचं सांगितलं.

लेकीनं चमचा ठेवून बशी दूर सारली. आई हात पुसत आतून आली. "कुठला राजमा?"

"बेकरीतला. बरणीतला."

"तो? तो मी बुधवारीच फेकला. खवट वास मारत होता. बरणी उकळून घेतली आणि नवं पाकीट ओतलं. वीस वर्षांचा राजमा कुणी ठेवतं का?"

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर फेकू दिला असता?"

आईनं जपून ठेवलेलं रिकामं पाकीट आणून टेबलावर ठेवलं. लेकीनं ते दोन्ही बाजूंनी वाचलं, कुठेच गव्हाचं नाव नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं, मग मोठ्ठा श्वास सोडला. मास्तर खुर्चीत बसले. त्यांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"बाबा," लेक म्हणाली, "इथून पुढे मी तुमच्या हातचं डोळे मिटून खाईन. तुम्ही लपवणार नाही, एवढं मला कळलं." तिनं चमचा परत उचलला.

सोमवारी सकाळी नऊला तिचा फोन आला. पोट ठीक होतं, झोप छान लागली होती, ती कामावर पोहोचलीसुद्धा होती.

"पुढच्या रविवारी कांद्याचा खारा टार्ट जमेल?" तिनं विचारलं.

"बघू," मास्तर म्हणाले. फोन ठेवून त्यांनी आठवड्यात पहिल्यांदाच पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला, आणि चहा दोनदा मागितला.